धसमुसळ्या खेळासाठी बदनाम असलेला काल्पनिक राष्ट्रीय फुटबॉल संघ : तो खरा कसा वाटेल?

कथेकरी (धागाकर्ता)

नमस्कार. मी सध्या एक कादंबरी लिहीत आहे. तिच्या केंद्रस्थानी एका काल्पनिक देशाचा राष्ट्रीय फुटबॉल संघ असून धसमुसळा खेळ हीच त्या संघाची जगभर झालेली ओळख आहे. देश लहान आहे, विश्वचषकाच्या मुख्य फेरीत तो पहिल्यांदाच पोहोचला आहे आणि परदेशी वृत्तपत्रांनी त्याच्या खेळाडूंना 'खाटीक' म्हणायला सुरुवात केली आहे.

पहिला खर्डा पूर्ण करून मी तो वाचला, तेव्हा लक्षात आले की माझे अकराही खेळाडू एकाच साच्यातले आहेत. सगळे धिप्पाड, सगळे शीघ्रकोपी. प्रत्येक सामन्यात ते समोरच्याला सारख्याच धडका देतात आणि पंच नुसते बघत राहतात. हा संघ मलाच खरा वाटत नाही, तर वाचकाला कसा वाटेल? म्हणून जाणकारांना विचारतो. अशी खेळण्याची रीत एखाद्या राष्ट्रीय संघात येते कुठून? मैदानावर ती प्रत्यक्षात कशी दिसते? आणि अशा संघाबद्दल वाचकाला आपुलकी वाटावी, असे लिहिणे योग्य आहे का? कथानकाचा काळ मी अजून ठरवलेला नाही, त्यामुळे त्याविषयीही सांगावे.

जुना प्रेक्षक

काळाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलात, पण तो आधी सोडवावा लागेल. फुटबॉलमधली दांडगाई त्या त्या काळचा नियम किती चालवून घेतो यावर ठरते. १९७० च्या विश्वचषकापूर्वीचा काळ घेतलात, तर तुमच्या पंचाच्या खिशात पिवळे किंवा लाल कार्ड असणार नाही. ताकीद द्यायची ती तोंडी, बाहेर काढायचे तेही तोंडी, आणि खेळाडूला पंचाची भाषा कळेलच याची खात्री नाही. शिवाय त्या काळी विश्वचषकात बदली खेळाडूची सोय नव्हती. समोरच्या संघाच्या उत्तम खेळाडूला विसाव्या मिनिटाला लंगडा केले की उरलेली सत्तर मिनिटे तो संघ जवळजवळ दहा जणांनिशी खेळत असे. दांडगाईचा हिशेब त्या काळी इतका सरळ होता.

२ जून १९६२ रोजी सँटियागोला झालेला चिली आणि इटली यांचा सामना तुम्ही नक्की अभ्यासा. सामन्याआधीच आग पेटलेली होती. १९६० च्या भीषण भूकंपातून सावरत चिलीने स्पर्धा भरवली होती आणि इटलीच्या काही पत्रकारांनी त्या शहराबद्दल अतिशय अपमानकारक मजकूर लिहिला होता. त्यामुळे खेळाडू मैदानात उतरले ते एकमेकांचा हिशेब चुकता करण्यासाठीच. इटलीच्या जॉर्जो फेरिनीला आठव्या मिनिटाला बाहेर काढण्यात आले. तो जायलाच तयार नव्हता, म्हणून शेवटी पोलिसांनी त्याला मैदानाबाहेर नेले. इटलीच्याच मारिओ दाविदने चिलीच्या लिओनेल सांचेझच्या डोक्याच्या उंचीवर लाथ उगारली आणि तोही बाहेर गेला. सांचेझने मात्र ठोसा मारून उम्बेर्तो मास्कियोचे नाक मोडले होते आणि तो शेवटपर्यंत मैदानावर राहिला. चिलीने सामना २-० असा जिंकला.

त्या सामन्याचे पंच होते इंग्लंडचे केन ॲस्टन. पुढे १९६६ च्या विश्वचषकात पंचांची व्यवस्था त्यांच्याकडे होती. तिथे इंग्लंड आणि अर्जेंटिना यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात अर्जेंटिनाचा कर्णधार आंतोनियो रात्तिन याला जर्मन पंचांनी बाहेर काढले, पण आपल्याला का काढले हे त्याला कळले नाही आणि कित्येक मिनिटे खेळ खोळंबला. त्याच सामन्यात इंग्लंडच्या चार्ल्टन बंधूंना ताकीद मिळाली होती, हे त्यांना स्वतःलाही नंतर समजले. या गोंधळानंतर लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलचे दिवे पाहून ॲस्टन यांना कार्डांची कल्पना सुचली आणि १९७० मध्ये मेक्सिकोत ती अमलात आली. सँटियागोला ज्याच्या हातातून सामना निसटला होता, त्याच माणसाने दांडगाईला भाषेची गरज नसलेले उत्तर शोधले. मला ही साखळी फार महत्त्वाची वाटते आणि तुमच्या कादंबरीतही पंचाला असा भूतकाळ असावा, असे मी सुचवीन.

शिट्टीधारक

मी अनेक वर्षे स्थानिक सामन्यांत पंच म्हणून काम केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो की तुमच्या खर्ड्यातली मुख्य चूक रागीटपणाची आहे. चिडखोर संघ पंचाला जड जात नाही. चिडलेला खेळाडू उघडपणे मारतो, कार्ड घेतो आणि निघून जातो. थंड डोक्याने फाउल करणारा संघ हाताळणे खरे अवघड, आणि ज्या राष्ट्रीय संघांची खरी बदनामी झाली त्यांत असे थंड डोक्याचे दोन-तीन तरी खेळाडू असतातच.

नियमाची रचना समजून घ्या, म्हणजे त्यातल्या फटी दिसतील. फुटबॉलच्या बाराव्या नियमात फाउलच्या तीन पायऱ्या आहेत. निष्काळजीपणे केलेल्या फाउलला फक्त फ्री किक, समोरच्याला इजा होईल याची पर्वा न करता केलेल्या फाउलला पिवळे कार्ड आणि अवाजवी बळ वापरून त्याची सुरक्षितता धोक्यात आणली तर लाल कार्ड. मुरलेला संघ मुक्काम करतो तो पहिल्या पायरीवर. टाचेला हलका स्पर्श, चेंडू गेल्यावर अर्ध्या क्षणाने लागलेला खांदा, शर्टाची दोन बोटांत धरलेली कड. यांतल्या एकाही गोष्टीला कार्ड देता येत नाही, पण तिन्हींमुळे समोरच्या संघाची लय तुटते. वारंवार फाउल करणाऱ्याला त्याबद्दल पिवळे कार्ड देण्याची तरतूद आहे, म्हणून हे संघ फाउल वाटून घेतात. समोरच्या संघाचा खेळ रचणाऱ्या दहा नंबरच्या खेळाडूला आधी सहा नंबरचा पाडतो, मग आठ, मग तीन. माराचा हिशेब एकाच्या अंगावर लागतो आणि करणारे मात्र पाच असतात. पंचाच्या नजरेसमोर प्रत्येक जण पहिल्यांदाच चुकलेला असतो.

फाउल कुठे होतो हेही पाहा. जाणता बचावपटू स्वतःच्या गोलपासून तीस-पस्तीस मीटरवर, समोरच्याने वळून मान वर करायच्या आत फाउल करतो. पेनल्टी क्षेत्राजवळ तोच खेळाडू हात मागे बांधल्यासारखा सभ्य होतो.

एक उदाहरण देतो, कारण ते अनेकांना अनपेक्षित वाटेल. ४ जुलै २०१४ रोजी ब्राझील आणि कोलंबिया यांच्या उपांत्यपूर्व सामन्यात एकूण ५४ फाउल झाले आणि त्यांतले ३१ ब्राझीलचे होते. कोलंबियाच्या हामेस रोद्रिगेझला ठरवून रोखले जात होते, तरी पहिले पिवळे कार्ड निघाले ते चौसष्टाव्या मिनिटाला, आणि तेही ब्राझीलचा कर्णधार थियागो सिल्व्हा गोलरक्षकाच्या किकच्या आड आला म्हणून. शेवटी शेवटी कोलंबियाच्या खेळाडूचा गुडघा नेमारच्या पाठीत बसला, मणक्याचे हाड मोडले आणि त्या फाउलला कार्डसुद्धा मिळाले नाही. सुरुवातीच्या अर्ध्या तासात पंचाने कार्ड काढायला हात आखडला की दोन्ही संघांना सामन्याचा भाव कळतो आणि मग त्या भावाने व्यवहार होतो. त्या कार्डामुळे थियागो सिल्व्हा उपांत्य सामन्याला मुकला, नेमार दुखापतीमुळे मुकला आणि ब्राझील जर्मनीकडून ७-१ असा हरला. कादंबरीकाराला यापेक्षा अधिक काय हवे?

ताऱ्यांचे बेट

वरील प्रतिसाद आवडले, पण मला वाटते की मुळाशी त्या देशाचा स्वभावच असतो. काही देशांची घडणच लढवय्यी असते. उरुग्वेचे उदाहरण घ्या. तिथे 'गार्रा चारुआ' म्हणजे चारुआ या मूळ जमातीची झुंजार वृत्ती, हा शब्दप्रयोग अभिमानाने वापरतात. एवढासा देश, आजूबाजूला ब्राझील आणि अर्जेंटिना, आणि तरीही १९५० मध्ये माराकाना या ब्राझीलच्याच मैदानावर जाऊन ब्राझीलला २-१ असे हरवले. धागाकर्त्यांनी आपल्या काल्पनिक देशाला असाच इतिहास द्यावा, म्हणजे दांडगाई आपोआप पटेल.

जुना प्रेक्षक

@ताऱ्यांचे बेट, आपल्याशी मी असहमत आहे, आणि हा मुद्दा कादंबरीच्या दृष्टीने कळीचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

गार्रा चारुआ हे चिकाटीचे, हार न मानण्याचे नाव आहे. ते दांडगाईचे नाव झाले ते फार नंतर, आणि त्यात १९८६ चा मोठा वाटा आहे. त्या विश्वचषकात उरुग्वेला डेन्मार्कने ६-१ असे धुतले होते. पुढच्या सामन्यात स्कॉटलंडविरुद्ध बरोबरी साधली तरी भागणार होते. होसे बातिस्ताने पहिल्याच मिनिटात, ५६ व्या सेकंदाला गॉर्डन स्ट्रॅकनला मागून पाडले आणि फ्रेंच पंचांनी थेट लाल कार्ड दाखवले. विश्वचषकातले ते सर्वांत जलद लाल कार्ड ठरले. त्यानंतर जवळजवळ संपूर्ण सामना दहा जणांनी खेळून उरुग्वेने ०-० अशी बरोबरी राखली आणि बाद फेरी गाठली. आता या सामन्यात रक्ताचा गुण कुठला आणि गरज कुठली? सहा गोल खाल्लेला, बरोबरीवर भागणारा संघ असेच खेळेल, मग तो कुठल्याही देशाचा असो.

दुसरी बाजू नेदरलँड्सची. ज्या देशाने १९७४ मध्ये टोटल फुटबॉलने, म्हणजे खेळाडूंनी सतत जागा बदलत खेळण्याच्या रीतीने, जगाला वेड लावले, त्याच देशाचा संघ २०१० च्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध कसा खेळला ते आठवा. नेदरलँड्सच्या नायजेल दी यॉन्गचा बूट स्पेनच्या झाबी आलोन्सोच्या छातीत बसला आणि त्याला फक्त पिवळे कार्ड मिळाले. आपल्याला तो क्षण नीट दिसला नव्हता, ते लाल कार्डच होते, असे पंच हॉवर्ड वेब यांनी नंतर मान्य केले. त्या सामन्यात एकूण १४ पिवळी कार्डे निघाली आणि जॉन हायटिंगाला दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर जावे लागले. १९७४ च्या त्या संघाचे नायक योहान क्रायफ यांनी खुद्द आपल्याच देशाच्या त्या खेळावर जाहीरपणे कडक टीका केली. छत्तीस वर्षांत डच माणसाचे रक्त बदलले नव्हते. समोर असा संघ होता की ज्याच्याकडून चेंडू मिळतच नव्हता, आणि त्यावर त्यांनी हा उपाय निवडला.

शिवाय शिक्का कोणावर बसतो, हेही पाहावे लागते. १९६६ च्या त्या सामन्यानंतर इंग्लंडचे प्रशिक्षक आल्फ रॅमसी यांनी अर्जेंटिनाच्या खेळाडूंच्या वागण्याची तुलना जनावरांशी केली आणि आपल्या खेळाडूला शर्टाची अदलाबदल करू दिली नाही. फाउल मात्र त्या सामन्यात इंग्लंडने अधिक केले होते. तुमच्या काल्पनिक देशाला 'खाटीक' म्हणणारी वृत्तपत्रे कोणत्या देशांची आहेत आणि त्या देशांचे संघ स्वतः कसे खेळतात, याचे एक प्रकरण तुमच्या कादंबरीत असायलाच हवे.

उजवी बगल

इतका वेळ वाचत होतो. आता लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आतापर्यंतच्या सगळ्या चर्चेत फाउल करणाराच बोलतो आहे.

मी बारा वर्षे उजव्या बगलेवर खेळलो आणि माझा खेळ एका टॅकलने संपला. चेंडू माझ्या पायातून निघून गेला होता. तो खेळाडू उशिरा आला असे सगळे म्हणाले, पण तो उशिरा आला नव्हता, तो वेळेवरच आला होता. चेंडूसाठी तो आलाच नव्हता. माझा पाय जमिनीत रोवलेला होता आणि गुडघा आतल्या बाजूला दुमडला. आवाज मला आधी ऐकू आला आणि वेदना नंतर जाणवली. तोच खेळाडू मला उठवायला वाकला आणि त्याने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. त्या हाताचा राग मला त्या टॅकलपेक्षा अधिक काळ आला.

म्हणून कथेकरींना माझी विनंती आहे की ज्याला मार बसतो त्याच्या डोळ्यांनीही एक सामना लिहावा. १९६६ मध्ये पेलेला बल्गेरियाने इतके मारले की तो पुढचा हंगेरीविरुद्धचा सामना खेळू शकला नाही. पोर्तुगालविरुद्ध तो परतला, तेव्हा जुआव मोराइसने त्याला पुन्हा पाडले. बदली खेळाडू नसल्यामुळे पेले लंगडत मैदानावर राहिला आणि गतविजेता ब्राझील गटातच बाद झाला.

किंवा १९८२ चा इटली–अर्जेंटिना सामना पाहा. इटलीचा बचावपटू क्लाउदिओ जेन्तिले याला अर्जेंटिनाच्या दियेगो मॅराडोनावर सोडण्यात आले होते. तो त्याच्या इतका जवळ उभा राहतो की मॅराडोनाला चेंडू घेण्यासाठी स्वतःच्याच गोलकडे तोंड करावे लागते, आणि तो वळू लागला की घोट्यावर, पोटरीवर, कमरेवर काहीतरी येऊन आदळते. त्या एका सामन्यात मॅराडोनावर २३ फाउल नोंदले गेले. हळूहळू मॅराडोनाच्या चेहऱ्यावरचा राग विरत जातो आणि तो पंचाकडे हात पसरू लागतो. चेंडू मिळाल्यावर पुढे काय करायचे याऐवजी मार कुठून येणार, याचा विचार करणारा खेळाडू मला तिथे दिसतो. मी तो विचार ओळखतो. दांडगाईने खेळाडूचा पाय मोडला नाही, तरी त्याच्या डोक्यातला खेळ ती मोडू शकते. सहा दिवसांनी जेन्तिलेने ब्राझीलच्या झिकोचा शर्ट फाडला, इटलीने ब्राझीलला ३-२ असे हरवले आणि पुढे विश्वचषक जिंकला. त्या विजयात कौशल्य होते, हे मी मान्य करतो. इटलीच्या पाओलो रॉसीचे तीन गोल कोणी दांडगाईने केले नव्हते. पण त्याची किंमत कोणी मोजली, हेही लिहिले गेले पाहिजे.

आपुलकीचा प्रश्न तुम्ही विचारला होता. माझे उत्तर असे की आपुलकी वाटू द्या, पण मार खाणाऱ्याला नाव द्या, चेहरा द्या, त्याचे नंतर काय झाले ते लिहा.

शिट्टीधारक

उजवी बगल, आपला प्रतिसाद दोनदा वाचला. आपण वर्णन केलेला तो फाउल आजच्या नियमानुसार थेट लाल कार्डाचा आहे. १९९८ पासून मागून येणाऱ्या आणि समोरच्याला धोक्यात आणणाऱ्या टॅकलला लाल कार्ड द्यावे, असे नियमात स्पष्ट झाले. २०१८ पासून विश्वचषकात व्हीएआर, म्हणजे चित्रफीत पाहून पंचांचे निर्णय तपासण्याची सोय, आले आणि थेट लाल कार्डाचे प्रसंग पुन्हा पाहता येऊ लागले. २००६ च्या विश्वचषकात २८ लाल कार्डे निघाली होती, २०१८ मध्ये फक्त ४. कथेकरींनी आजचा काळ निवडला तर त्यांच्या संघाला कोपर मारून सुटता येणार नाही, त्याला पहिल्या पायरीवरचे छोटे फाउलच करावे लागतील.

ताऱ्यांचे बेट

माझे मत मी बदलतो आहे. रक्ताचा मुद्दा मी मागे घेतो. पण आपुलकीविषयी एक सामना सुचवतो. ८ जून १९९० रोजी मिलानमध्ये कॅमेरूनने गतविजेत्या अर्जेंटिनाला १-० असे हरवले. शेवटच्या काही मिनिटांत अर्जेंटिनाचा क्लाउदिओ कानिहिया चेंडू घेऊन सुसाट निघाला. पहिल्याची लाथ त्याने उडी मारून चुकवली, दुसऱ्याच्या धक्क्याने तो अडखळला पण पळत राहिला, आणि तिसरा, बेंजामिन मासिंग, असा येऊन आदळला की त्याचा स्वतःचा बूट पायातून उडाला. लाल कार्ड मिळालेला तो कॅमेरूनचा त्या सामन्यातला दुसरा खेळाडू. नऊ जण उरले, तरी त्यांनी विजय राखला आणि पुढे उपांत्यपूर्व फेरी गाठली. जगभरच्या प्रेक्षकांनी त्या संघावर प्रेम केले, त्या टॅकलसकट. हे बरोबर होते का, हे मला आता सांगता येत नाही, पण तसे घडले.

कथेकरी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काळ आता निश्चित केला आहे : कार्डे आली आहेत, पण व्हीएआर यायचे आहे. दांडगाई देशाच्या स्वभावातून न येता प्रशिक्षकाच्या एका निर्णयातून येईल. पात्रता फेरीत सहा गोल खाल्ल्यावर तो खेळाडूंना सांगतो की आपल्याकडे चेंडू राहत नाही, तेव्हा त्यांच्याकडेही तो राहू द्यायचा नाही. उजवी बगल यांच्या सूचनेप्रमाणे समोरच्या संघातील दहा नंबरच्या खेळाडूच्या नजरेतून एक प्रकरण पुन्हा लिहायला घेतले आहे. त्यातील एक तुकडा इथे देतो, चुका दाखवाव्यात.

"पहिल्यांदा सहा नंबरने पाडले, तेव्हा त्याला काही वाटले नाही. दुसऱ्यांदा आठ नंबरने पाडले आणि लगेच हात पुढे केला. त्याने तो हात धरला, कारण पंच पाहत होते. तिसऱ्या वेळी तो चेंडू यायच्या आधीच मागे वळून पाहू लागला आणि चेंडू त्याच्या नडगीला लागून बाहेर गेला. कोणी त्याला शिवलेही नव्हते. राखीव खेळाडूंच्या बाकावरून त्या प्रशिक्षकाने टाळी वाजवली, एकदाच. मध्यंतरानंतर सहा नंबरचा पुन्हा आला. या वेळी घोट्यावर आला आणि पिवळे कार्ड घेऊन शांतपणे मागे गेला. ऐंशीव्या मिनिटाला तोच पुन्हा आला, दमलेला, अर्ध्या पावलाने मागे पडलेला, आणि त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच भीती दिसली. दोघे एकदमच कोसळले. पंच धावत आले. त्यांनी खिशातून लाल कार्ड काढले आणि सहा नंबरचा गवतावर बसूनच राहिला."

उजवी बगल

चेंडू नडगीला लागून बाहेर जातो आणि कोणी शिवलेले नसते, ते वाक्य कृपया काढू नका. माझ्या शेवटच्या दोन मोसमांत नेमके तेच होत होते आणि मला ते कोणाला समजावून सांगता आले नाही.

शिट्टीधारक

तुकडा चांगला उतरला आहे. एक दुरुस्ती करावी. सहा नंबरला आधी एक पिवळे कार्ड मिळालेले आहे. ऐंशीव्या मिनिटाचा फाउल दुसऱ्या पिवळ्याचा असेल, तर पंच आधी पिवळे कार्ड वर धरतील आणि मगच लाल काढतील. थेट लाल दाखवायचे असेल, तर तो टॅकल तुम्हाला अधिक भयंकर लिहावा लागेल. मी दुसरे पिवळेच ठेवले असते. पिवळे वर गेल्यापासून लाल निघेपर्यंत जो क्षणभराचा वेळ जातो, त्यात खेळाडू पंचाकडे पाहत नाही. तो आपल्या बाकाकडे पाहतो. हे मी अनेकदा पाहिले आहे.